काटा, कायदा आणि एक सोंडकिडा

थिसल हे एक काटेरी झाड. थिसलला मराठीत नेमका शब्द नाही, पण झाड आपल्याला अगदीच परकं नाही. आपली करडई त्याच कुळातली. रब्बी ज्वारीच्या कडेनं करडईचे तास का घालतात? गुरं आत शिरू नयेत म्हणून. माळावरचा उंटकटाराही त्यांचाच भाऊबंद. तेव्हा काट्याला गुरं तोंड लावत नाहीत, हे इथं बसलेल्यांना वेगळं सांगायला नको.

आता शेताची राखण करणारा हाच गुण कुरणात काय करतो बघा. गाय गवत खाते, काटा सोडते. चराई जास्त झाली की जमीन उघडी पडते आणि त्या उघड्या जागेत थिसलचं बी रुजतं. म्हणजे गुरं चारणारा माणूस नकळत थिसलचीच मशागत करत असतो! १८३३ साली दक्षिण अमेरिकेत फिरताना डार्विनने युरोपातून आलेल्या कार्डून या काटेरी झाडाने व्यापलेले शेकडो चौरस मैल पाहिले. माणूस जाऊ शकत नव्हता, जनावर जाऊ शकत नव्हतं, आणि दुसरं काही उगवतही नव्हतं.

माणसाला एखादी गोष्ट आवरेनाशी झाली की तो आधी कायदा करतो. अमेरिकेत व्हरमाँट राज्याने १७९५ सालीच ‘कॅनडा थिसल’विरुद्ध कायदा केला. हे झाड मूळचं युरोपातलं, पण नाव पडलं शेजाऱ्याचं. ही सवय काही फक्त अमेरिकनांची नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५१ साली थिसलचा प्रसार रोखण्यासाठी कायदा झाला. पण कॅनडा थिसलची मुळं जमिनीखाली आडवी धावतात आणि मुळाच्या तुकड्यातूनही नवं झाड फुटतं. जमीनमालकाने कायद्याला भिऊन नांगर घातला, तर एकाची दहा झाडं व्हायची.

आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना इथं थोडं थांबावंसं वाटतं. वनस्पतिशास्त्रात कुळ असतं, प्रजाती असते, पण ‘तण’ नावाचा वर्ग नसतो. तण हा माणसाने दिलेला निकाल आहे. कायद्याला निकाल लागतोच, त्याबद्दल तक्रार नाही. तो निकाल प्रयोगशाळेत गेला तेव्हा काय झालं, ते पुढे बघू.

मस्क थिसल ही दुसरी जात. हीसुद्धा एकोणिसाव्या शतकात बाहेरून अमेरिकेत आलेली. पहिल्या वर्षी पानांचा चपटा गुच्छ, दुसऱ्या वर्षी उंच दांडा, खाली झुकलेलं जांभळट गुलाबी फूल, हजारो बिया, आणि झाड संपलं. मुळांनी ती पसरत नाही, सगळा संसार बियांवर. मग बीच खाणारा कुणी आणला तर? युरोपात असा एक सोंडकिडा होता, ऱ्हायनोसिलस कोनिकस. धान्यात सोंडे होतात ना, त्यांच्याच जातकुळीचा. मादी फुलाच्या बोंडावर अंडी घालते आणि अळ्या आत शिरून तयार होणारं बी खातात. १९६८ मध्ये तो कॅनडात सोडला, १९६९ मध्ये अमेरिकेत. व्हर्जिनियात काही वर्षांत मस्क थिसल पुष्कळ ओसरला. फवारा नाही, मजुरी नाही. कुरणवाल्यांनी हे किडे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात अक्षरशः वाटले.

आता नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांकडे या. तिथं प्लॅट थिसल नावाची जात आहे, अस्सल तिथलीच. विरळ वाढते, कुरणाला तिचा उपद्रव नाही, कारण तिथलेच किडे तिला आटोक्यात ठेवतात. स्वाता लाउडा या संशोधिका या झाडाचा अभ्यास आधीपासून करत होत्या, म्हणून त्यांच्याकडे जुनी मोजणी होती. ही गोष्ट फार महत्त्वाची. जुनी मोजणी नसती, तर पुढे काय घटलं ते सिद्ध करता आलं नसतं. १९९३ मध्ये या झाडावर तो सोंडकिडा दिसला. तिथं कुणी सोडला नव्हता, आपला आपण आला. १९९७ साली लाउडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध ‘सायन्स’मध्ये आला: प्लॅट थिसलचं बी ८६ टक्क्यांनी घटलं होतं. त्या फुलांवर जगणारी एक स्थानिक माशीही कमी झाली होती. हे झाड एकदाच फुलतं आणि मरतं. बी गेलं की वंश गेला.

अपघात झाला म्हणावं, तर तसंही नाही. हा किडा थिसलच्या अनेक जातींवर जगतो, हे सोडण्याआधीच ठाऊक होतं. पण तेव्हा मुख्य प्रश्न होता, हा पिकं खाईल का? पिकं तो खात नव्हता. देशी थिसल खाईल, या शंकेला वजन नव्हतं, कारण थिसल म्हणजे तण हा निकाल आधीच लागलेला होता. आमच्या मते, माहिती कमी पडली नाही, किंमत चुकीची लावली गेली. बाजारात ज्याला भाव नाही, त्याची बाजू मांडायला कुणी नव्हतं. २००० साली अमेरिकी सरकारने हा किडा राज्याबाहेर नेण्याचे परवाने बंद केले. तोवर तो सगळीकडे पोचला होता.

आपल्याकडेही असा पेच आला. गाजर गवतासाठी मेक्सिकोहून आणलेला भुंगेरा १९८४ मध्ये बंगळूरला सोडला, आणि नंतर तो सूर्यफुलावर दिसला. केवढा गदारोळ! चौकशी समिती बसली, सोडणं थांबलं. पुढे संशोधनात दिसलं की सूर्यफुलाच्या पानांवर गाजर गवताचे पराग पडले होते, म्हणून तो ती पानं कुरतडत होता. सूर्यफूल हे पीक होतं, म्हणून आरडाओरडा ताबडतोब झाला. प्लॅट थिसलला चोवीस-पंचवीस वर्षं लागली.

मग कुरणवाल्याने करायचं काय? मस्क थिसलसाठी जुना उपायच चालतो. पहिल्या वर्षीच्या गुच्छाचं मूळ जमिनीखाली दोन-तीन बोटं कुदळीने तोडायचं. गवत फार खुरटू द्यायचं नाही, दाट गवतात त्याचं रोप टिकत नाही. फुललेली बोंडं कापून तिथंच टाकायची नाहीत, कापल्यावरही त्यात बी पिकतं. थिसल असलेल्या रानातलं वाळलं गवत दुसऱ्या रानात न्यायचं नाही. आणि कुदळ उचलण्याआधी पान बघायचं. मस्क थिसलचं पान गर्द हिरवं, गुळगुळीत, कडेला फिकट. प्लॅट थिसलचं पान पांढऱ्या लवीनं माखलेलं, आणि त्याचं फूलही पांढुरकं असतं.