गाळ कुणाचा?

पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यातला माणूस सकाळी उठून आधी गंगापूर धरण किती भरलं ते बघतो आणि मग नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्याचा विसर्ग. पहिला आकडा नाशिकच्या नळांचा, दुसरा पैठणच्या नाथसागराचा, म्हणजे जायकवाडीचा. दारणा-गंगापूरमधून पाणी सुटलं की सायखेडा-चांदोरीचे दुकानदार माल माळ्यावर चढवू लागतात, आणि त्याच क्युसेकच्या आकड्याकडे मराठवाडा आशेने बघत बसतो. जानेवारीत त्याच बंधाऱ्यावर पुण्या-मुंबईच्या गाड्या लागतात, दुर्बिणी गळ्यात घेतलेली मंडळी पक्षी बघायला चापडगावच्या मनोऱ्यावर चढतात, आणि पुराची आठवणही कुणाला होत नाही.

मी कालवा निरीक्षक होतो. पाटबंधारे खात्यातली नोकरीची बहुतेक वर्षं गोदावरीच्या कालव्यांवर गेली. नमुना नंबर सातचे पाणी अर्ज, आवर्तनाच्या याद्या, चारीवरच्या मारामाऱ्यांचे पंचनामे, एवढंच माझं लेखन. त्यामुळे निफाड तालुक्यातल्या या नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्याची गोष्ट मला पक्ष्यांपासून सुरू करता येत नाही. ती दुष्काळापासूनच सुरू करावी लागते.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ पाठोपाठ पडले. १९०१ मध्ये सर कॉलिन स्कॉट-माँक्रिफ यांच्या अध्यक्षतेखाली सिंचन आयोग नेमला गेला. दख्खनमधली धरणं नफा देणार नाहीत, हे इंग्रजांना ठाऊक होतं. पण दर दुष्काळात खडी फोडण्याच्या कामांवर होणारा खर्च तरी वाचेल, असा हिशेब होता. अशा कामांना ‘संरक्षक’ म्हणत. त्या लाटेत १९०७ च्या सुमारास गोदावरी आणि कादवेच्या संगमाखाली नांदूरमध्यमेश्वरचा दगडी बंधारा हाती घेतला गेला. वर इगतपुरीकडे नांदगावजवळ दारणा धरण १९१६ मध्ये पुरं झालं; जुन्या कागदांवर त्या जलाशयाचं नाव ‘लेक बील’. दारणेने पाणी साठवायचं, नांदूरमध्यमेश्वरने ते उचलायचं, आणि डाव्या-उजव्या कालव्यांनी येवला, कोपरगाव, राहात्याकडे न्यायचं. पाऊस पडतो इगतपुरीत आणि शेत भिजतं कोपरगावात, ही व्यवस्था तेव्हापासूनची. इगतपुरीच्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर फिरतो, तोही याच व्यवस्थेचा भाग आहे.

कालवे काढले होते बाजरी-ज्वारी जगवण्यासाठी. पण बाजरीवाला शेतकरी पाणी मागायचा फक्त पाऊस दगा देईल तेव्हा. बऱ्या वर्षी कालवा भरून वाहायचा, घेणारा नाही आणि पाणीपट्टीही नाही. बारमाही पाणी मागणारं आणि रोख पैसे देणारं पीक एकच होतं, ऊस. इंजिनिअर विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले तेव्हा त्यांची पहिली नेमणूक नाशिकला होती. पुढे नीरा कालव्यासाठी त्यांनी ‘ब्लॉक’ पद्धत आखली. गावोगाव जमिनीचे गट ठरवायचे, गटाच्या एक तृतीयांश भागातच ऊस घ्यायचा, बाकी जमिनीत हंगामी पिकं, आणि पाण्याची हमी काही वर्षांच्या करारावर. ऊस कालव्याच्या तोंडाशीच तुंबू नये आणि पाणी जास्त गावांना मिळावं, हा त्यामागचा विचार. माझ्या काळातही जुने बागायतदार ‘आमचा ब्लॉक आहे’ असं छाती पुढे काढून सांगायचे. पण दुष्काळासाठी काढलेल्या कालव्याचं पोट उसावर भरू लागलं, ते लागलंच. १९३९ मध्ये सोमैयांच्या गोदावरी शुगर मिल्सने कोपरगाव तालुक्यात साकरवाडीला बस्तान बसवलं. नंतर सहकारी कारखाने आले. गोदाकाठ साखरेचा झाला.

या कालव्यांनी नेमकं कुणाचं किती भलं केलं, हे मोजायला पहिल्यांदा बसले ते अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. जन्म १९०१ चा, नाशिकचाच. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतून त्यांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या पट्ट्याचं सर्वेक्षण करवलं. अहवाल १९४८ मध्ये छापून आला. सरकारचा हिशेब सोपा होता: कालव्यावर खर्च किती आणि पाणीपट्टी किती आली. गाडगिळांनी तो हिशेबच अपुरा ठरवला. भिजणाऱ्या शेतांच्या शेजारी कोरडवाहू शेतं ठेवून पाहिली. मजुराला काम किती मिळालं, व्यापार किती वाढला, सरकारच्या तिजोरीत आडवाटेने काय आलं, हे सगळं जमेस धरायला लावलं. धरणाचा जमाखर्च धरणाच्या भिंतीपाशी संपत नाही, हे या देशात इतक्या नीट आधी कुणी मांडलेलं नव्हतं. हे गाडगीळच पुढे प्रवरानगरच्या साखर कारखान्याच्या उभारणीत विठ्ठलराव विख्यांच्या बरोबर उभे राहिले. कारखाना शेतकऱ्यांच्या मालकीचा असेल तर उसाचा पैसा गावात राहील, असा त्यांचा भरवसा. तो बऱ्याच अंशी खराही ठरला, ज्यांच्याकडे ऊस होता त्यांच्यासाठी. ऊस तोडायला येणारा माणूस बीडकडचा, आणि निफाडच्या द्राक्षबागेत कामाला येणारा पेठ-सुरगाण्याचा. त्या दोघांची नावं सभासदांच्या वहीत नव्हती.

असमानता कालव्याच्या आतसुद्धा असते, आणि ती मी रोज पाहिली. आवर्तन सुटलं की तोंडावरचा शेतकरी आपली पाळी भागवून वर रात्रीचं एक दार उघडं ठेवतो. टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटाला, पाणी पोहोचतं तेव्हा आवर्तनाचे दिवस सरत आलेले असतात. टेलचे एक अण्णा मला म्हणायचे, “साहेब, तुमच्या यादीत माझं नाव आहे, पण पाण्याला वाचता येत नाही.” खात्याने शेजपाळी आणली, म्हणजे वरून खाली किंवा खालून वर ओळीने पाळी. कागदावर उत्तम. पण पाटकरी एकटा, चारी लांब आणि रात्र मोठी.

याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला याहून जुनी आणि शहाणी व्यवस्था होती. बागलाणात मोसम नदीवर आणि पलीकडे धुळ्यात पांझरेवर फड पद्धत शतकानुशतकं चालली. नदीवर लहान बंधारा, त्याखालच्या शेताचे तीन-चार मोठे फड, एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, भांडणं मिटवायला गावाची पंचमंडळी. यातली मेख अशी की बहुतेक शेतकऱ्यांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असे. पाणी कमी आलं तर एखादा फड कोरडा ठेवायचा. मग तोटा साऱ्यांचा होई, एकट्या टेलवाल्याचा होत नसे. वर मोठी धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या आणि बहुतेक फड मोडले. खात्याच्या शेजपाळीला जे जमलं नाही ते त्या लोकांना का जमलं, याचं माझं उत्तर सरळ आहे: तिथे पाणी वाटणाऱ्याचं शेतही त्याच पाण्यावर होतं.

आता गाळाकडे येतो. नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा बांधताना तो फार उंच ठेवला नव्हता, कारण त्याचं काम पाणी वळवण्याचं. पण गोदावरी, दारणा, कादवा या नद्या पावसाळ्यात चहासारख्या रंगाचं पाणी आणतात. पाणी थांबलं की माती खाली बसते. वर्षानुवर्षं ती बसत गेली, साठा घटत गेला. आमच्या खात्याच्या भाषेत हा निव्वळ तोटा. पण त्या गाळाची बेटं झाली, त्यांवर पाणगवत आणि बाभळी उगवल्या, उथळ पाण्यात शेवाळ, किडे, गोगलगायी, मासे वाढले. हिवाळ्यात पाणी ओसरलं की काठची गाळपेर जमीन उघडी पडते आणि गावातले लोक तिच्यात हरभरा-गहू टाकतात. म्हणजे इंजिनिअरचा तोटा पक्ष्यांच्या आणि अल्पभूधारकाच्या पथ्यावर पडला. पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं. १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. जानेवारी २०२० मध्ये पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत जाण्याचा पहिला मान महाराष्ट्रात याच पाणथळीला मिळाला, लोणारच्याही आधी. त्या नोंदीत या पाणथळीने आसरा दिलेल्या अतिसंकटग्रस्त प्राण्यांमध्ये एका छोट्या माशाचं नाव आहे, ते आमच्या देवळालीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या माशाचं.

हिवाळ्यातले पाहुणे येतात कुठून? चक्रवाक लडाख-तिबेटकडून. तलवार बदकं आणि टिलवे त्याहून पुष्कळ वरून, काही थेट उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रातून. हे कळलं ते पायात घातलेल्या कड्यांमुळे. १९५७ मध्ये शिमोग्याकडे क्यासनूर जंगलात माकडताप आला. त्या तापाचा विषाणू पक्ष्यांच्या गोचिडांवरून सैबेरियातून आला का, अशी शंका निघाली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने १९५९ मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (बीएनएचएस) सलीम अलींच्या नेतृत्वाखाली स्थलांतराचा मोठा प्रकल्प सुरू केला. जाळ्यात सापडलेल्या पक्ष्याच्या पायात कडी, अंगावरच्या गोचिडांचे नमुने, आणि रक्त. पुढे त्यात अमेरिकी लष्कराच्या पैशाने चालणारी एक मोहीम सामील झाली. तेव्हा १९७० च्या दशकात संसदेच्या लोकलेखा समितीने विचारलं की आमच्या पक्ष्यांचं रक्त परदेशी लष्कराला कशाला हवं? तो प्रश्न रास्त होता. पण त्या कड्यांमुळेच भरतपूरला पकडलेला रफ उत्तर सैबेरियात जातो, हेही पक्कं झालं.

रफ हा तुतवारांच्या कुळातला पक्षी. चांदोरी-चापडगावच्या चिखलात तो हिवाळ्यात थव्याने दिसतो, मळकट करडा, ओळखायला कंटाळवाणा. जूनमध्ये टुंड्रात मात्र नराच्या मानेभोवती पिसांची मोठी झालर फुलते आणि तिथे नरांचे तीन प्रकार दिसतात. गडद झालरीचे जागा राखून भांडतात. पांढऱ्या झालरीचे त्यांच्या आसपास राहून संधी साधतात. आणि अगदी थोडे नर माद्यांसारखेच दिसतात, ते गर्दीत कुणाच्या नजरेत येत नाहीत. सुमारे ३८ लाख वर्षांपूर्वी गुणसूत्राचा एक तुकडा उलटा बसला, त्यातून हा भेद आला. २०२५ मध्ये जर्मनीच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी त्याचं रासायनिक कारण उलगडलं. न भांडणाऱ्या नरांच्या रक्तातच एक विकर जोमाने काम करतं आणि टेस्टोस्टेरॉन मोडून टाकतं. हार्मोन तयार होतं, पण रक्तात टिकत नाही.

रक्ताची दुसरी करामत पट्टकादंबाची. हा हंस मंगोलिया-तिबेटातून हिमालय ओलांडून येतो. खाली नाथसागरावर त्याचे थवे उतरतात. उपग्रह-यंत्र लावलेला एक पट्टकादंब ७,२९० मीटरवर नोंदला गेला. तिथे हवा इतकी विरळ की माणूस दम लागून बसेल. त्याच्या हिमोग्लोबिनच्या एका साखळीत ११९ व्या जागी प्रोलीनऐवजी अलानीन आहे; त्यामुळे ते ऑक्सिजन अधिक घट्ट धरतं, असं शास्त्रज्ञ माक्स पेरुट्झ यांनी १९८३ मध्ये मांडलं. आठ वर्षांनी माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये तोच एक बदल करून पाहिला, आणि त्याचीही ऑक्सिजनची पकड वाढली.

हे सगळं मी निवृत्तीनंतर वाचलं. वाचताना सारखं वाटत राहिलं की एकाच बंधाऱ्यावर तीन वह्या चालू आहेत: गाडगिळांची, पक्षीवाल्यांची आणि आमच्या खात्याची. तिन्ही वह्या एकमेकींना दाखवलेल्या नाहीत, आणि म्हणून गाळाचं भांडण मिटत नाही. दर पुरानंतर सायखेडा-चांदोरीचे लोक म्हणतात, बंधारा गाळाने भरलाय, पाणी मागे फुगतं, गाळ काढा, दरवाजे वाढवा. ज्याच्या घरात गुडघाभर पाणी शिरलं त्याला टिलव्याची महती सांगायला मी जाणार नाही. पक्षीमित्र म्हणतात, गाळ काढला तर पाणथळ गेली. गाळपेर करणारा गप्प असतो, कारण त्याला कुणी विचारत नाही. आणि खालचा मराठवाडा म्हणतो, मध्ये काहीही करा, पण आमचं पाणी अडवू नका. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने तुटीच्या वर्षी खोऱ्यात समन्यायी वाटपाची तरतूद केली. तेव्हापासून दारणा-गंगापूरचं पाणी जायकवाडीकडे सोडताना नाशिककर ओरडतात. ही ओरड ऐकताना मला टेलचे अण्णा आठवतात. मराठवाडा हा गोदावरीचा टेल आहे. फरक इतकाच की त्याच्याकडे आमदार आहेत आणि कायद्याचं कलम आहे.

गाळ किती काढायचा, कुठला ठेवायचा, हे ठरवायला नुसता गाळाचा मोजमाप-तक्ता पुरणार नाही. सायखेड्याचं पुरातलं नुकसान, गाळपेरीचं उत्पन्न, कालव्याच्या टेलला मिळालेलं पाणी, जायकवाडीला पोहोचलेलं पाणी आणि हिवाळ्यातली पक्षीगणना, हे एका कागदावर यायला हवं. कुठल्या बेटाखालचा गाळ पुराला आडवा येतो आणि कुठला येत नाही, हे त्यातून कळेल. कदाचित पूरग्रस्तांचं आणि पक्ष्यांचं, दोघांचंही भागेल, कदाचित कुणाला तरी भरपाई द्यावी लागेल. गाडगिळांनी १९४८ मध्ये याच कालव्यांवर असा हिशेब करून दाखवला होता. आता पंचाहत्तरहून अधिक वर्षं लोटली. नवा हिशेब त्याच गोखले संस्थेने हाती घ्यावा, बीएनएचएसची माणसं बरोबर घ्यावीत, आणि मोजायला सुरुवात करावी ती टेलकडून. तोंडावरचे आकडे आमच्या खात्याकडे आधीच भरपूर आहेत.