लीज्ड लाईन की ब्रॉडबँड? चिमूरमधल्या छोट्या स्टार्टअपने काय घ्यावं?

चिमूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी चार जणांचं ऑफिस टाकलं की पहिला प्रश्न नेटचाच येतो. पर्याय सोप्या भाषेत सांगतो.

ब्रॉडबँड फायबर: एकच लाईन अनेक ग्राहकांत वाटली जाते, म्हणून स्वस्त. पण गर्दीच्या वेळी स्पीड पडतो आणि केबल तुटली तर दुरुस्ती कधी होईल याची हमी सहसा नसते.

लीज्ड लाईन: ठरलेला स्पीड फक्त तुमचा, अपलोड-डाउनलोड सारखंच, दुरुस्तीची मुदत करारात. पण कितीतरी महाग. शहरात एका इमारतीत दहा ऑफिसं असतात, केबलचा खर्च विभागला जातो. इथे तो एकट्यावर येतो.

भारतनेट: 2011 मध्ये मंजूर झालेली केंद्राची ही योजना फायबर ग्रामपंचायतीपर्यंत नेते. आसपासच्या खेड्यात ऑफिस असेल तर पुढची वायर कोण टाकणार, हे आधी विचारा.

माझा सल्ला: प्लॅन घेताना अपलोड स्पीड बघा. 10 एमबीपीएसवर 1 जीबीची फाईल चढवायला किमान 13 मिनिटं लागतात. सुरुवातीला साधं फायबर घ्या आणि बॅकअपला दुसऱ्या कंपनीचं सिम राऊटरमध्ये ठेवा. कंपनी एकच असली, तर एक केबल तुटली की दोन्ही बंद पडू शकतात. नेट तासभर बंद राहिल्याने क्लायंट जाणार असेल, तेव्हाच लीज्ड लाईनचा विचार करा.