तुंबडीचे घराणे

घोडनदीकाठचे शिरूर आणि भीमेकाठचे दौंड या दोन कसब्यांच्या पंचक्रोशीत ज्यांची हयात उसाच्या मोळ्या वाहण्यात, कांद्याच्या वाफ्यांत वाकण्यात किंवा रेल्वेच्या रात्रपाळ्या करण्यात गेली, त्यांच्या घरी कंबरदुखी वतनासारखी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते; आणि त्या दुखण्यावर ‘कपिंग’ या नावाने काचेच्या पेल्यांचा जो उपचार आता दवाखान्यांतून मिळू लागला आहे, तो कोठून तरी परमुलखातून नवाच आला, असा समज निदान या मुलखातल्या माणसाने करून घेऊ नये, असे मला मनापासून वाटते. त्या पेल्याची पूर्वज असलेली शिंगाची वा भोपळ्याची तुंबडी आपल्या परिचयाची आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, जळवांसाठी प्रसिद्ध असलेल्या तेराव्या अध्यायात, दूषित रक्त काढण्याची तीन साधने सांगितली आहेत: वातदोषावर गाईचे शिंग, पित्तदोषावर जळू आणि कफदोषावर कडू भोपळा. शिंग लावायचे ते फासण्या मारलेल्या जागी, पातळ पडदा बांधून, तोंडाने ओढून; भोपळ्यात मात्र दिवा ठेवायचा. दिव्याने आतली हवा तापून विरळ होते, ज्योत विझली की ती हवा निवते, आतला दाब उतरतो आणि बाहेरच्या हवेचा भार मांसाला वर ढकलतो, ही आज शाळेत शिकवली जाणारी गोष्ट त्या प्राचीन शल्यवैद्यांच्या हाताला अनुभवाने कळली होती. चीनमध्येही आरंभी शिंगच होते. मावांगडुई येथे ख्रिस्तपूर्व 168 मध्ये बंद केलेल्या थडग्यातून निघालेल्या रेशमी ग्रंथांत मूळव्याधीवर शिंग लावण्याचा प्रयोग सांगितला आहे. कोणी कोणाकडून घेतले, या वादात मी शिरत नाही.

ग्रंथांतले हे ज्ञान आपल्याकडे खेडोपाडी जिवंत ठेवले ते मात्र पंडितांनी नव्हे, वैदूंनी. घरात तेलुगूच्या वळणाची बोली बोलणारी, झाडपाल्याची झोळी खांद्यावर घेऊन गावोगाव फिरणारी ही जमात. तिची माणसे दुखऱ्या जागी फासण्या मारून त्यावर शिंगाची तुंबडी टेकवीत, टोकाच्या छिद्रातून श्वास ओढून घेत आणि जिभेनेच मेणाचा गोळा सारून ते छिद्र बंद करीत. इतक्या अवघड कसबाची कसब म्हणून फारशी नोंद झाली नाही, याचे मला दुःख आहे.

दौंडला एका लहानशा दवाखान्यात मी पाठीवर पेले लावून घेतले. स्पिरिटमध्ये भिजवलेला पेटता बोळा पेल्यात क्षणभर फिरतो, बाहेर येतो, आणि पेला टेकताच कातडी आत खेचली जाते. वेदना अशी नाही, पण कोणी चिमटीत धरून सोडायलाच तयार नसावे, असा ताण मिनिट-दोन मिनिटे वाढत जातो व मग बोथट होतो. पेला निघाल्यावर मागे राहणारे जांभळे वर्तुळ हे शरीरातले विष नव्हे, तर सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटून त्वचेखाली साकळलेले रक्त होय. ते आठवडाभराने, कधी त्याहून उशिरा, मावळते. याच दुखण्यावर टोचल्या जाणाऱ्या अ‍ॅक्युपंक्चरच्या सुयांचा अनुभव निराळा. केसासारख्या बारीक सुईचे टोचणे जेमतेम जाणवते. नंतर त्या जागी जडपणा भरतो, आणि उपचारकाच्या लेखी तीच सुई लागू पडल्याची खूण असते.

सुई मात्र खरोखरच पाहुणी आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि 1942 च्या डिसेंबरात, अवघ्या बत्तीस वर्षांचे असताना, तेथेच वारले. ते शस्त्रवैद्य होते. सुयांची विद्या इकडे आणली ती त्याच पथकातले त्यांचे सोबती डॉ. विजयकुमार बसू यांनी, 1950 च्या दशकाच्या अखेरीस, कलकत्त्यात. सोलापूर-मुंबई लोहमार्ग दौंडवरूनच जातो, म्हणून कोटणीसांशी असलेले हे नाते मला अधिकच जवळचे वाटते. पुढे महाराष्ट्राने 2015 च्या अधिनियमाने अ‍ॅक्युपंक्चरला कायद्याची चौकट दिली आणि 2019 मध्ये केंद्रानेही त्यास स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली.

गुण किती, याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे. जुनाट कंबरदुखीत व गुडघेदुखीत सुयांनी काही आराम पडतो, हे चाचण्यांतून दिसले आहे; पण खोट्या सुया टोचलेल्यांनाही पुष्कळसा आराम वाटतो आणि दोहोंतील अंतर थोडेच उरते. तुंबडीच्या बाजूचा पुरावा त्याहून दुबळा आहे. तेव्हा दुखण्याचे कारण आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे, सुई आपल्यासमोर नव्या पाकिटातून काढायला लावावी, रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर ती सांगावीत, आणि फासण्या मारून रक्त काढण्याच्या वाटेला सहसा जाऊ नये. आणि शिरूर-दौंडच्या वाचकांना एक विनंती: तुमच्या ओळखीच्या एखाद्या वैदू कुटुंबात शिंगाची तुंबडी अजून जपलेली असेल, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ती लावण्याची रीत त्यांच्याच शब्दांत आणि त्यांच्या नावानिशी लिहून ठेवा.