खलाशाला अपघात झाला तर : बोटमालकाची जबाबदारी आणि खर्चाचा हिशोब

रायगडात कामगारांच्या अपघाताची चर्चा होते ती बहुतेक कारखान्यांमुळे. 3 नोव्हेंबर 2023 ला महाड एमआयडीसीत ब्लू जेट हेल्थकेअरच्या कारखान्यात आग लागून 11 कामगारांचा जीव गेला, तेव्हा नुकसानभरपाईचं नाव घरोघरी निघालं. पण मुरूड, राजपुरी, आगरदांडा, दिघी, श्रीवर्धन या आपल्या पट्ट्यात मालक म्हटला की तो बऱ्याचदा एखाद्-दोन बोटींचा धनी असतो. भरपाईचा कायदा फक्त मोठ्या कंपन्यांसाठी आहे असं त्याला वाटत असतं. तसं नाही. इंजिनवर चालणाऱ्या बोटीवरचा तांडेल आणि खलाशी 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्यात येतात. हा कायदा 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला असून संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. भरपाईच्या हिशोबाची पद्धत तीच आहे.

हिशोब असा. कामावर मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराचे 50 टक्के गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. पगार कितीही असला तरी हिशोबाला जास्तीत जास्त 15,000 रुपये धरतात. 30 वर्षांच्या वयाचा आकडा 207.98 आहे. म्हणजे 15,000 पगाराच्या तिशीतल्या खलाशाच्या वारसांना 15,59,850 रुपये द्यावे लागतात. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर 50 च्या जागी 60 टक्के. विंचमध्ये सापडून अख्खा अंगठा गेला तर कमाईची ताकद 30 टक्के गेली असं धरतात. त्याच खलाशासाठी ही रक्कम 5,61,546 होते. उपचाराचा खर्च याशिवाय, आणि तोही मालकाचाच.

एवढी रक्कम एका बोटीचा हंगाम गिळू शकते. म्हणून मालकाने आधी बघायचं ते विंच. दोराच्या ड्रमला आणि इंजिनच्या पट्ट्याला लोखंडी जाळी बसवायला किती खर्च येतो ते वेल्डरला विचारा आणि वरच्या आकड्यांशेजारी लिहून ठेवा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, बोट किनाऱ्यावर असते. हे काम तेव्हाच होतं, ऑगस्टमध्ये कुणालाच वेळ नसतो.

दुसरी जागा म्हणजे मासळी साठवण्याचा खण. सडलेल्या मासळीतून विषारी वायू निघतो आणि बंद खणात उतरलेला माणूस काही क्षणांत कोसळू शकतो. त्याला वाचवायला दुसरा उडी मारतो आणि तोही जातो. खण आधी बराच वेळ उघडा ठेवावा, वर एक माणूस उभा असावा, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर असावा.

लाइफ जॅकेटबद्दल वेगळं काय सांगायचं! 26 जुलै 2025 ला खांदेरीजवळ करंजाची बोट उलटली, आठपैकी पाच जण कित्येक तास पोहून सासवणे किनाऱ्याला लागले, तिघांचा जीव गेला. जॅकेट केबिनमध्ये गोणीखाली दाबून ठेवलेलं असेल तर ते नसल्यासारखंच. खलाशाने घातलं नाही म्हणून मालक सुटतो, हाही गैरसमज आहे. नशा किंवा सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडणं ही सबब मृत्यू आणि कायमच्या पूर्ण अपंगत्वात चालत नाही.

अपघात झाल्यावर पहिल्या काही तासांत खर्च वाढतो किंवा आटोक्यात राहतो. तटरक्षक दलाचा 1554 आणि रुग्णवाहिकेचा 108 हे नंबर केबिनमध्ये मोठ्या अक्षरात लिहिलेले हवेत. बोट तुटलं तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बोटीवर बर्फ मुबलक असतो म्हणून तुटलेला भाग थेट बर्फात टाकायचा मोह होतो, त्याने पेशी मरतात. मोडलेलं हाड स्वस्तात पडतं म्हणून हाडवैद्याकडे नेलं आणि ते वाकडं जुळलं, तर अपंगत्वाची टक्केवारी वाढते आणि भरपाईही. कुठल्या हॉस्पिटलात न्यायचं हे हंगाम सुरू होण्याआधीच ठरवून ठेवावं. माणूस सावरू लागला की डॉक्टरांना विचारून त्याला किनाऱ्यावरचं हलकं काम द्यावं, जाळी सांधण्याचं किंवा मासळी मोजण्याचं. घरी बसवून ठेवलेल्या माणसाला दर पंधरवड्याला पगाराच्या 25 टक्के द्यावेच लागतात.

तब्येतीकडेही लक्ष हवं. सलग रात्री जागलेला माणूस विंचवर चुकतो. शुगर आणि बीपीची तपासणी हंगामाआधी सरकारी आरोग्य केंद्रात करून घ्यावी. रमजानमध्ये रोजेदार खलाशांना भर उन्हातलं जड ओढकाम न देता ते शक्यतो इफ्तारनंतर ठेवावं, आणि शुगरच्या औषधावर असलेल्याने रोज्याआधी डॉक्टरांना विचारावं.

आता आपल्या बिरादरीतली एक सवय. मयत झाली की जमातीचे बुजुर्ग बसतात, काही रक्कम ठरते, स्टॅम्पपेपरवर सह्या होतात. नियत चांगली असते, पण भरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार कायद्यात टिकत नाही. मृत्यूची भरपाई सक्षम अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. वारसांच्या हातात थेट दिलेले पैसे भरपाईत मोजत नाहीत, फक्त तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल वळती होते. जकातीतून केलेली मदतही यात धरायची नाही, ते दोन वेगळे हिशोब आहेत. महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर 12 टक्के व्याज, आणि उशिराला कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. वारसांना दावा करायला दोन वर्षांची मुदत असते. उत्तर प्रदेश किंवा नेपाळहून आलेल्या खलाशाच्या घरच्यांना हे कळतच नाही, म्हणून मालकानेच त्यांना सांगितलं पाहिजे.

पंतप्रधान मत्स्य संपदा योजनेत नोंदणी असलेल्या मच्छीमाराला मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी 5 लाखांचं अपघात विमा कवच आहे, हप्ता सरकार भरतं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत 2 लाख मिळतात. दोन्ही जरूर घ्या, पण त्याने मालकाची जबाबदारी कमी होत नाही. ती पेलायला कर्मचारी भरपाईची वेगळी पॉलिसी लागते. तिचा हप्ता कामाचा धोका आणि एकूण पगार यांवर ठरतो. हप्ता वाचवायला सात खलाशी दाखवले आणि बोटीवर नऊ असले, तर नेमक्या त्या दोघांच्या वेळी कंपनी हात वर करते.