घोडकाठचा कुळीथ

रांजणगावच्या महागणपतीमुळे शिरूर तालुका सर्वांना ठाऊक आहे. याच तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तेथील पांढरीच्या टेकाडांचे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ मध्ये सुरू केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर आणि डॉ. अन्सारी यांच्या या कामातून ताम्रपाषाण युगातील शेतकऱ्यांचे एक गावच उजेडात आले. इ. स. पूर्व १६०० ते ७०० अशी सुमारे नऊशे वर्षे तेथे वस्ती होती. जळून कोळसा झाल्यामुळे टिकलेल्या दाण्यांत सातू आणि गहू होते, तसेच मसूर आणि कुळीथही होते.

ही कडधान्ये जमिनीला काय देत असतील? पुराचा गाळ सुपीक असतो हे आपण शिकवतो. इकडचा गाळ काळ्या बेसाल्ट खडकाचा. त्यातून चुना, लोह, मॅग्नेशियम मिळते. नायट्रोजन मात्र या खडकात जवळजवळ नसतो. तो हवेत ७८ टक्के आहे, पण वनस्पतींना तो थेट घेता येत नाही. कडधान्यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम जिवाणू त्याचे अमोनियात रूपांतर करतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात.

हे कोडे उलगडायला युरोपात अर्धे शतक लागले. बूसँगो यांनी १८३८ मध्ये दाखवले, की क्लोव्हर आणि वाटाणा यांच्या पिकात नायट्रोजन वाढतो, गव्हात वाढत नाही. हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी १८८६ मध्ये त्याचा संबंध गाठींशी जोडला. १८८८ मध्ये बायरिंक यांनी गाठींतले जिवाणू वेगळे केले.

मग इनामगावकरांना हे माहीत होते काय? येथे जपून बोलले पाहिजे. जळका दाणा काय पिकत होते ते सांगतो. कशानंतर काय पेरले ते सांगत नाही. शिवाय दाण्यांबरोबर बराच नायट्रोजन घरी जातो. शेतात राहिलेली मुळे आणि पालापाचोळा यांचाच जमिनीला लाभ होतो. मात्र आपल्या शेतकऱ्यांच्या बोलीत ‘बेवड’ हा शब्द आहे. आधीच्या पिकाचा पुढच्या पिकावर होणारा परिणाम म्हणजे बेवड, आणि कडधान्याचा बेवड चांगला मानतात. जिवाणू दिसण्याआधी अनुभव बोलत होता.

आज घोड-भीमेच्या काठी ऊस आहे आणि नायट्रोजन युरियाच्या गोणीतून येतो. तरीही फुलोऱ्यावर आलेले कुळथाचे किंवा मटकीचे रोप मुलांना मातीसकट हळूच उपटायला सांगा. मुळे धुऊन एक गाठ कापा. आत गुलाबी रंग दिसला, तर कारखाना चालू आहे असे समजा.