धातुकानेच धातुक दळण्याची पद्धती : विटवॉटर्सरँडचा दाखला

धातुकाच्याच तुकड्यांनी धातुक दळणे, म्हणजे स्वपेषण, ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील प्रचंड गिरण्यांची देणगी होय, असा समज रूढ आहे. तो कितपत ग्राह्य आहे, हे पाहण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँड येथे १८८६ साली सुवर्णयुक्त पिंडाश्म सापडला. बदामी मिठाईशी असलेल्या साम्यावरून त्यास 'बँकेट' हे डच नाव पडले. त्यातील सोने अतिसूक्ष्म असल्याने १८९० मध्ये सायनाइड-प्रक्रिया आली तरी द्रावण प्रत्येक सुवर्णकणापर्यंत पोचण्यास दगडाची बारीक पूड आवश्यक होती; आणि ती काढणे स्टॅम्प मिलच्या यांत्रिक मुसळांना परवडत नसे. म्हणून १९०४ च्या सुमारास तेथे आडव्या, फिरत्या नळीगिरण्या बसविण्यात आल्या. त्यांत घालावयाचे फ्लिंटचे गोटे युरोपातून समुद्रमार्गे आणावे लागत. ते झिजत, आणि झिजलेल्या भागातून हाती काहीच लागत नसे.

थोड्याच वर्षांत त्यांची जागा खाणीतूनच निघालेल्या बँकेटच्या कठीण तुकड्यांनी घेतली. आता जो तुकडा झिजे तोही सोनेच देई. खर्चाच्या बाजूची झीज उत्पन्नाच्या बाजूस आली, हे या बदलाचे खरे मर्म होय. मात्र हे तुकडे वेचून काढावे लागत. निवडीची ही कामे अल्प वेतनावरील आफ्रिकी मजुरांच्या हातांनी होत, हे विसरता येत नाही.

या निवडीचे महत्त्व पुढील काळात प्रत्ययास आले. पोलादाची घनता सुमारे ७.८, तर गारेची २.६५, म्हणजे समान वजनासाठी दगडाचा व्यास सुमारे १.४ पट हवा. हॅडसेल यांच्या १९३० नंतरच्या व वेस्टन यांच्या १९४० नंतरच्या गिरण्यांत मोठा व्यास योजून खाणीतील धातुक जवळजवळ जसेच्या तसे घालण्याचा मार्ग पुढे आला. निवड सुटली, पण मध्यम आकाराचे तुकडे साचू लागले. इतरांना फोडण्यास ते हलके, आणि स्वतः फुटण्यास मोठे. त्यांवर उपाय म्हणून अनेक ठिकाणी पोलादी गोळे पुन्हा घालावे लागले.

तेव्हा स्वपेषणाचा उगम मोठ्या यंत्रांत नसून आयातीच्या खर्चावर शोधलेल्या उपायात आहे. तसेच दगड पोलादाची जागा घेतो तो योग्य आकाराचा व पुरेसा कठीण असेल तरच, हे रँडच्या दाखल्यावरून स्पष्ट होते.