हायब्रिड की सॉलिड स्टेट? जुन्या लॅपटॉपची डिस्क बदलताना

सात-आठ वर्षे वापरलेला लॅपटॉप सुरू व्हायला तीन-चार मिनिटे घेऊ लागला की तो मोडीत काढावा असे अनेकांना वाटू लागते. प्रत्यक्षात अशा बहुतेक यंत्रांचा प्रोसेसर धडधाकट असतो; मागे पडलेली असते ती आतली फिरती हार्ड डिस्क. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये असो वा धुळ्याच्या बाजारपेठेत, ही डिस्क बदलण्यासाठी गेलेल्या ग्राहकापुढे आजही दोन नावे येतात. एक हायब्रिड ड्राइव्ह आणि दुसरे सॉलिड स्टेट ड्राइव्ह म्हणजेच एसएसडी. पहिली स्वस्त आणि ऐसपैस, दुसरी महाग पण चपळ, अशी समजूत रूढ आहे. ती २०१२च्या सुमारास खरी होती. आता तिचा फेरविचार करणे आवश्यक आहे, कारण प्रश्न केवळ वेगाचा नसून आयुष्यभर जमवलेल्या माहितीच्या सुरक्षिततेचाही आहे.

फिरत्या तबकडीची मर्यादा

आयबीएमने १९५६ मध्ये पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आजची लॅपटॉपची डिस्क तळहाताएवढी झाली असली तरी तत्त्व तेच आहे. चुंबकीय तबकडी फिरत राहते आणि तिच्यावरून सरकणारे शीर्ष माहिती वाचते किंवा लिहिते.

लॅपटॉपमधील सर्वसाधारण डिस्क मिनिटाला ५,४०० म्हणजे सेकंदाला ९० फेरे घेते. हवी ती माहिती शीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद थांबावे लागते. त्याआधी शीर्ष योग्य जागी सरकण्यास दहा-बारा मिलिसेकंद जातात. याचा अर्थ, विखुरलेल्या माहितीचे सेकंदाला साठच्या आसपासच तुकडे ही डिस्क शोधू शकते. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फायली उघडाव्या लागतात, आणि लॅपटॉप रेंगाळतो तो येथेच. एसएसडीमध्ये फिरणारा एकही भाग नसल्याने हाच शोध एक दशांश मिलिसेकंदाच्या आत लागतो. जुना लॅपटॉप 'नवा' झाल्यासारखा वाटतो तो या फरकामुळे.

हायब्रिड म्हणजे काय?

हायब्रिड ड्राइव्ह ही मुळात फिरती डिस्कच असते. तिला थोड्या फ्लॅश मेमरीची जोड दिलेली असते. दाणाबाजारातील व्यापारी रोज खपणारा माल गल्ल्याजवळ ठेवतो आणि बाकीची पोती गोदामात, तशी ही रचना आहे. वारंवार लागणारी माहिती कोणती, हे ड्राइव्ह स्वतःच वापरावरून ताडते आणि तिची प्रत फ्लॅशमध्ये ठेवते. त्यामुळे पहिल्यांदा सुरू करताना फरक जाणवत नाही, पण दोन-चार वेळा तेच काम केल्यावर वेग वाढलेला दिसतो.

या प्रकाराचे पहिले प्रयत्न २००७ मध्ये विंडोज व्हिस्टाच्या काळात झाले. त्या वेळी फ्लॅश अवघी २५६ मेगाबाइट होती. खरा बोलबाला झाला तो २०१० मध्ये सीगेटची मोमेंटस एक्सटी आल्यावर. तिच्यात ५०० गिगाबाइटची, ७,२०० फेऱ्यांची डिस्क आणि ४ गिगाबाइट फ्लॅश होती. पुढच्या वर्षी हे प्रमाण ७५० आणि ८ गिगाबाइट झाले. २०१३ मध्ये एक टेराबाइटची आवृत्ती आली. तिच्यातही फ्लॅश ८ गिगाबाइटच राहिली आणि फेरे मात्र ५,४०० वर उतरले.

हायब्रिडची खरी अडचण याच आकड्यांत आहे. एक टेराबाइटच्या साठ्यात ८ गिगाबाइट म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. त्या काळचे विंडोज आणि दोन-तीन नेहमीचे प्रोग्रॅम या जागेत कसेबसे सामावत. आजचे ब्राउझर, अँटिव्हायरस आणि सतत येणारी अद्ययावतने यांच्यापुढे गल्ल्याजवळची ही जागा अपुरी पडते आणि ड्राइव्हला पुन्हा गोदामात धावावे लागते. नवी फाईल उतरवून घेताना किंवा पेन ड्राइव्हवरून छायाचित्रे भरताना तर हायब्रिड आणि साधी डिस्क यांच्यात फारसा फरक उरत नाही.

चैनीकडून गरजेकडे

एसएसडीचा पाया असलेल्या फ्लॅश मेमरीचा शोध जपानमधील तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात लावला. २००८ मध्ये इंटेलने सर्वसामान्यांसाठी आणलेल्या ८० गिगाबाइटच्या एसएसडीची घाऊक किंमत ५९५ डॉलर होती. तेव्हाच्या विनिमय दराने ही रक्कम पंचवीस हजार रुपयांहून अधिक होते. एवढ्या पैशांत निम्मा-अधिक लॅपटॉप येत असताना हायब्रिड हा शहाणपणाचा मध्यममार्ग ठरला, यात नवल नव्हते.

पुढील दशकात चित्र पालटले. फ्लॅशचे भाव सतत उतरत गेले आणि मध्यममार्गाची गरजच संपली. नवे हायब्रिड ड्राइव्ह आता जवळजवळ दिसत नाहीत. जे स्वस्तात दाखवले जातात ते बहुधा जुन्या साठ्यातले किंवा वापरून काढलेले असतात. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने मेमरी चिपचे भाव पुन्हा चढले, हे खरे. मात्र त्यामुळे पाच-सात वर्षे फिरलेली डिस्क पैसे मोजून घेण्याचे समर्थन होत नाही. त्याऐवजी गरजेपुरतीच, लहान क्षमतेची एसएसडी घेणे श्रेयस्कर.

ऊन, प्रवास आणि वीज

खान्देशातील हवामान या निवडीत दुर्लक्षून चालत नाही. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. लॅपटॉपच्या आतील तापमान खोलीपेक्षा सहज दहा-पंधरा अंशांनी अधिक असते. लॅपटॉपच्या फिरत्या डिस्कची मर्यादा सर्वसाधारणपणे ६० अंश, तर एसएसडीची ७० अंश असते. बंद खोलीत दुपारी तासन्‌तास काम करणाऱ्यास हे दहा अंश मोलाचे ठरतात.

दुसरी बाब प्रवासाची. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे येतात. लॅपटॉप पाठीवर घेऊन एस.टी.ने ये-जा करणारे विद्यार्थी येथे नेहमीचेच आहेत. फिरत्या डिस्कमध्ये शीर्ष आणि तबकडी यांतील अंतर केसाच्या जाडीच्या हजारो पटीने कमी असते. लॅपटॉप पूर्ण बंद न करता पिशवीत कोंबला आणि पारोळा-एरंडोलच्या वाटेवर दणका बसला, तर शीर्ष तबकडीवर आदळू शकते. हायब्रिडमध्येही तीच तबकडी असल्याने हा धोका तसाच राहतो. एसएसडीला तो नाही.

तिसरी बाब विजेची, आणि येथे एसएसडीही निर्धोक नाही. अनेक घरांत व दुकानांत बॅटरी पूर्ण निकामी झालेला लॅपटॉप थेट विजेवर चालवला जातो. लिहिणे चालू असताना वीज गेली, तर फिरत्या डिस्कवरील फाईल बिघडते; एसएसडीमध्ये माहिती कोठे आहे याचा अंतर्गत नकाशाच विस्कटण्याची शक्यता असते. म्हणून अशा यंत्राला नवी एसएसडी बसवण्याआधी नवी बॅटरी घालणे योग्य.

एसएसडी फार दिवस विजेविना पडून राहणेही बरे नाही. तिच्यातील माहिती सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपात असते आणि उष्णतेत हा भार लवकर ओसरतो. चिप उद्योगाची मानके ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेच्या निकषानुसार, लेखनक्षमता संपत आलेल्या घरगुती एसएसडीने ३० अंश तापमानात विजेविना एक वर्ष माहिती टिकवली पाहिजे. नवी एसएसडी याहून बराच काळ तग धरते. तरीही कपाटात वर्षानुवर्षे ठेवून देण्यासाठी फिरती डिस्कच अधिक विश्वासार्ह आहे.

झिजण्याची भीती कितपत खरी?

एसएसडीवर ठरावीक वेळाच लिहिता येते, ही भीती अनाठायी नसली तरी अतिरंजित आहे. सॅमसंगच्या ८७० ईव्हीओ या ५०० गिगाबाइटच्या ड्राइव्हला कंपनीने ३०० टेराबाइट लेखनाची हमी दिली आहे. रोज २० गिगाबाइट लिहिले तरी ही मर्यादा गाठण्यास चाळीस वर्षे लागतील. दुकानाचे हिशेब, पत्रव्यवहार आणि इंटरनेट एवढेच काम असेल, तर लेखन याहूनही कमी होते.

खरा फरक मरणाच्या रीतीत आहे. फिरती डिस्क बिघडण्यापूर्वी बरेचदा टकटक आवाज करते, मंदावते, इशारा देते. एसएसडी अनेकदा कोणतीही पूर्वसूचना न देता अचानक मुकी होते. शिवाय तिच्यावरून पुसलेली फाईल परत मिळण्याची आशा फारच थोडी असते.

कोणाला काय सोयीचे?

टॅलीवर हिशेब ठेवणारे व्यापारी, वकील, शिक्षक आणि बहुतेक विद्यार्थी यांना २५६ किंवा ५०० गिगाबाइटची एसएसडी पुरेशी आहे. लग्नसराईत चित्रीकरण करणाऱ्या छायाचित्रकारांचा साठा मात्र टेराबाइटमध्ये मोजावा लागतो. त्यांनी एसएसडीवर विंडोज व चालू काम ठेवावे आणि जुनी हार्ड डिस्क साठ्यासाठी वापरावी. डीव्हीडी ड्राइव्ह असलेल्या लॅपटॉपमध्ये त्या जागी डिस्क बसवण्याचा सांगाडा मिळतो. नाहीतर यूएसबीचे साधे आवरणही चालते. हायब्रिडने जे एका पेटीत साधण्याचा प्रयत्न केला, ते दोन स्वतंत्र ड्राइव्ह अधिक चांगले साधतात.

खरेदीपूर्वी तपासावे असे

- लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा जागा आहे की एम.२ खाच, हे आधी पाहावे. एम.२ खाचेतही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार असतात. आकार सारखा दिसला तरी एकाचा ड्राइव्ह दुसऱ्यात चालेलच असे नाही.
- साटा एसएसडीचा वेग सेकंदाला ५५० मेगाबाइटच्या आसपास थांबतो; एनव्हीएमई त्याच्या कितीतरी पुढे जाते. मात्र साध्या कार्यालयीन कामात हा फरक फारसा जाणवत नाही.
- फार जुन्या लॅपटॉपमध्ये साटाचा वेग निम्माच असतो. तरीही फिरत्या डिस्कच्या तुलनेत लाभ मोठाच राहतो.
- रॅम चार गिगाबाइट असेल तर ती आठ करणे तितकेच महत्त्वाचे. रॅम अपुरी पडली की सारा भार ड्राइव्हवर येतो.
- पक्के बिल आणि हमीपत्र घ्यावे. बसवल्यावर क्रिस्टल डिस्क इन्फो या मोफत प्रोग्रॅमने ड्राइव्ह आधी किती तास चालला आहे ते पाहावे. नाव नसलेल्या, अवाजवी स्वस्त ड्राइव्हवर छापलेली क्षमता खोटी असू शकते.
- विंडोज १० चा सर्वसाधारण सुरक्षा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. ही अट ड्राइव्ह बदलून पूर्ण होत नाही, हे ध्यानात घेऊनच खर्चाचा निर्णय करावा.

प्रत काढल्याविना डिस्क उघडू नये

जुन्या डिस्कवरील सर्व माहिती जशीच्या तशी नव्या ड्राइव्हवर उतरवण्यास क्लोनिंग म्हणतात. त्यापूर्वी महत्त्वाच्या फायलींची स्वतंत्र प्रत काढावी आणि बिटलॉकर चालू असल्यास त्याची रिकव्हरी की लिहून ठेवावी. डिस्क आवाज करत असेल, तर आधी फक्त महत्त्वाच्या फायली वाचवाव्यात. संपूर्ण क्लोनिंगचा ताण तिला सोसवेलच असे नाही. नवा ड्राइव्ह महिनाभर सुरळीत चालेपर्यंत जुनी डिस्क पुसू नये.

धुळ्याला या गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी घरोघरच्या दप्तरांतून नष्ट होऊ घातलेली कागदपत्रे आयुष्यभर गोळा केली, तपासली आणि छापली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे ही परंपरा जपत आहे. एकाच घरात, एकाच पेटीत असलेला कागद वाळवीच्या तोंडी जातो, हे त्या कार्यामागचे वास्तव होते. पेटीच्या जागी ड्राइव्ह आला, एवढेच.

तेव्हा निवडीचे उत्तर आज सरळ आहे. लॅपटॉपच्या आत एसएसडी बसवावी, हायब्रिडच्या मोहात पडू नये, आणि वाचलेल्या पैशांतून किंवा जुन्या डिस्कवरच माहितीची दुसरी प्रत ठेवावी. वेग एसएसडी देईल; माहिती टिकेल ती या दुसऱ्या प्रतीमुळे.